ग्रीक बेटांची सहल आखताना या चुका टाळा

सँटोरिनी, कॉर्फू आणि ऱ्होड्स ही तीन नावे एकाच आठवड्याच्या आराखड्यात घालणे ही ग्रीसच्या सहलीतील सर्वांत महागात पडणारी चूक आहे. सँटोरिनी एजियन समुद्रातील सिक्लाडीस द्वीपसमूहात आहे, ऱ्होड्स तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ आहे, तर कॉर्फू देशाच्या पश्चिमेला आयोनियन समुद्रात आहे. या दोन समुद्रांच्या मध्ये ग्रीसची मुख्य भूमी असल्यामुळे सँटोरिनीहून कॉर्फूला थेट फेरीबोट जात नाही. बहुधा अथेन्समार्गे विमानाने जावे लागते आणि त्यात बराचसा दिवस खर्ची पडतो. म्हणून आधी एक द्वीपसमूह निवडावा आणि मग त्यातील एकाच जलमार्गावरची बेटे घ्यावीत. पारोस, नॅक्सोस आणि सँटोरिनी अशी ओळ सहज जुळते. आठ दिवसांसाठी दोन बेटे पुरेशी आहेत, असे माझे ठाम मत आहे.

दुसरी चूक वाऱ्याला न मोजण्याची. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर ‘मेल्तेमी’ हा उत्तरेकडचा कोरडा वारा वाहतो. आकाश निरभ्र असते, ऊन पडलेले असते आणि तरीही बंदरातून बोटी सुटत नाहीत, कारण वाऱ्याचा जोर ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की बंदर अधिकारी वाहतुकीवर बंदी घालतात. वेगवान कॅटामरान बोटी आधी थांबतात, मोठी पारंपरिक जहाजे त्यानंतर. अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून सँटोरिनीला मोठ्या जहाजाने सात-आठ तास लागतात आणि वेगवान बोटीने साधारण पाच. पण वाऱ्याच्या दिवसांत, विशेषतः ज्यांना बोट लागते त्यांनी, मोठे जहाजच पसंत करावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानाच्या आदल्या रात्रीचा मुक्काम अथेन्समध्येच ठेवावा. बेटावरून सकाळी निघून संध्याकाळचे विमान गाठण्याचा बेत एका वादळी दिवसाने कोलमडतो.

बोट रद्द झालीच, तर घाईने नवे तिकीट काढू नये. युरोपीय संघाच्या नियमांनुसार कंपनीने प्रवाशाला पर्यायी प्रवास किंवा तिकिटाचे पैसे परत, यांपैकी निवड द्यावी लागते. मात्र कारण हवामानाचे असेल, तर हॉटेलचा खर्च देण्यास कंपनी बांधील नसते. तो भार आपल्या प्रवासविम्यावर पडतो का, हे विमा घेतानाच तपासून घ्यावे.

बंदराचे नावही नीट वाचावे. अथेन्सच्या परिसरात पिरेअस, राफिना आणि लाव्रिओ अशी तीन बंदरे आहेत. मिकोनोस किंवा तिनोसला जायचे असेल, तर विमानतळाला जवळचे असलेले राफिना अनेकदा सोयीचे ठरते. पिरेअस इतके विस्तीर्ण आहे की तेथे फाटकाचा क्रमांक आधीच माहीत असायला हवा.

मराठी कुटुंबे सहसा मुलांच्या सुट्ट्यांनुसार निघतात. मे महिना उत्तम, फक्त समुद्राचे पाणी तेव्हा थंड असते. दिवाळीची सुट्टी मात्र फसवी आहे: ऑक्टोबर संपता संपता लहान बेटांवरील बहुतेक हॉटेले आणि खाणावळी बंद होतात, फेऱ्याही घटतात. 15 ऑगस्टला मेरीमातेचा मोठा सण असतो आणि तिनोसला यात्रा भरते. त्या आठवड्यात आरक्षणाशिवाय जाऊ नये.

व्हिसाबाबत एक बारकावा पुष्कळांच्या लक्षात येत नाही. कोस किंवा ऱ्होड्स या ग्रीक बेटांवरून तुर्कस्तानचा किनारा समोरच दिसतो, कोसहून बोद्रुमला आणि ऱ्होड्सहून मार्मारिसला बोटही मिळते, परंतु तुर्कस्तानात पाऊल ठेवताच आपण शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर, जातो. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर त्यावर ग्रीसमध्ये परतता येत नाही. तुर्कस्तानचा व्हिसा वेगळा लागतो, तो निराळाच.

शेवटी, बेटावर स्कूटर किंवा चारचाकी ‘क्वाड’ भाड्याने घ्यायची असेल, तर निघण्यापूर्वी आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून ठेवावा आणि भारतीय परवान्यावर त्या प्रकारच्या वाहनाची नोंद आहे ना, हे पाहावे. काही दुकानदार परवाना न तपासताच किल्ली हातात ठेवतात. पण त्या वळणावळणाच्या, खडी पसरलेल्या रस्त्यांवर अपघात झाला, तर विमा कंपनी पहिला प्रश्न परवान्याचाच विचारते.