शर्यतीचा नवा इंजिन-नियम कसा वाचावा

मोटार शर्यतींसाठी नव्या इंजिनाची घोषणा झाली की चर्चा बहुधा आवाजापाशी येऊन थांबते. 2005 पर्यंतच्या तीन लिटरच्या, दहा सिलिंडरांच्या व्ही10 इंजिनांचा आवाज ज्यांनी ऐकला आहे, त्यांची हळहळ समजण्यासारखी आहे. परंतु एखादे तंत्रज्ञान शर्यतीत टिकेल की नाही, याचा अंदाज त्यावरून बांधता येत नाही. त्यासाठी आधी शर्यतीची लांबी पाहावी आणि तेवढ्या अंतरासाठी गाडीला किती ऊर्जा सोबत वाहावी लागेल, याचा हिशेब मांडावा.

हा हिशेब कागदावर सहज होतो. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे 12 किलोवॉट-तास ऊर्जा असते. फॉर्म्युला वनमध्ये 2025 पर्यंत सुमारे 300 किलोमीटरच्या शर्यतीसाठी 110 किलो इंधनाची मर्यादा होती, म्हणजे साधारण 1,300 किलोवॉट-तास. इंजिन त्यातील निम्मी ऊर्जा कामी लावते असे धरले, तरी 650 किलोवॉट-तास उरतात. हीच ऊर्जा बॅटरीतून द्यायची ठरवली आणि बॅटरीसंचाच्या एका किलोत 0.2 किलोवॉट-तास मावतात असे मानल्यास तेवढ्यासाठी तीन टनांहून जड बॅटरी लागेल, आणि 2025 ची गाडी तर चालकासह, इंधन वगळून, किमान 800 किलोंची होती. ब्रेक लावताना परत मिळणारी ऊर्जा वजा केली, तरी ही दरी बुजत नाही. 2014 मध्ये सुरू झालेल्या, विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई स्पर्धेने म्हणूनच लहान शर्यती आणि वळणावळणांचे शहरी रस्ते निवडले. तिथेही पहिल्या चार हंगामांत चालकांना शर्यतीच्या मध्यावर दुसऱ्या गाडीत बसावे लागत असे.

इंजिनाला विद्युत मोटरची जोड देणारे हायब्रिड नियम वाचताना शक्तीच्या आकड्याला भुलू नये. ती शक्ती किती वेळ टिकते, ते शोधावे. फॉर्म्युला वनच्या 2026 च्या नियमांत विद्युत मोटरची शक्ती 120 वरून 350 किलोवॉटवर नेलेली आहे. मात्र बॅटरीची सर्वाधिक आणि सर्वांत कमी भरलेली पातळी यांत एका वेळी 4 मेगाज्यूलपेक्षा, म्हणजे 4,000 किलोवॉट-सेकंदांपेक्षा, अधिक फरक पडू देता येत नाही. भागाकार केल्यास पूर्ण शक्ती जेमतेम 11 सेकंद पुरते, असे दिसते. त्यामुळे प्रत्येक फेरीत ही ऊर्जा पुन्हा कुठे साठवायची आणि कुठे खर्चायची, हाच चालकाच्या कौशल्याचा मोठा भाग होतो. लांब सरळ पट्ट्यावर गाडी ब्रेकच्या आधीच मंदावली, तर चालक कच्चा आहे असा निष्कर्ष घाईने काढू नये.

नियमातून काय वगळले, हेही वाचावे. माझ्या मते ते अधिक बोलके असते. टर्बोच्या, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या यंत्राच्या, दांड्यावर बसवलेले, निकास वायूंपासून वीज काढणारे जनित्र कार्यक्षम असले, तरी अतिशय महागडे आणि गुंतागुंतीचे होते. 2026 पासून ते काढून टाकण्याचे ठरल्यामुळे नव्या उत्पादकांना प्रवेश सोपा झाला, आणि ऑडीने याच नियमांच्या आधारे उतरण्याचे जाहीर केले.

‘शाश्वत इंधन’ हा शब्द आला की त्यातील कार्बन आणि हायड्रोजन कुठून घेतला, एवढे विचारावे. धुराड्यातून कार्बन डायऑक्साइड तर बाहेर पडतोच. फरक इतकाच, की तो इंधन बनवताना हवेतून किंवा जैविक कचऱ्यातून घेतलेला असावा लागतो. हायड्रोजन थेट जाळण्याचा प्रयोग टोयोटाने 2021 मध्ये जपानमधील फुजीच्या 24 तासांच्या शर्यतीत केला आणि 2023 मध्ये द्रवरूप हायड्रोजन वापरला. पण तो उणे 253 अंश सेल्सिअसला सांभाळावा लागत असल्याने टाकीची रचनाच अवघड होते.

शेवटी, लागू झालेला नियम मागेही घेतला जातो, हे ध्यानात ठेवून घोषणेवरची तारीख पाहावी. जागतिक रॅली स्पर्धेच्या सर्वोच्च वर्गात हायब्रिड यंत्रणा 2022 मध्ये आली आणि 2025 च्या हंगामापूर्वी काढूनही टाकण्यात आली.