परदेशी स्पर्धेआधीचे शेवटचे पंधरा दिवस : ॲथलेटिक्स पथकाच्या व्यवस्थापकासाठी

खाशाबा जाधवांचे हेलसिंकीचे कांस्यपदक कोल्हापुरात सर्वांना ठाऊक आहे. त्या दिवशी पथकाच्या व्यवस्थेत काय उणे राहिले, हे मात्र क्वचितच बोलले जाते. १९५२ च्या त्या ऑलिम्पिकमध्ये जपानच्या शोहाची इशी यांच्याशी लांबलेली कुस्ती संपताच खाशाबांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामदबेयोव्ह यांच्यासमोर उभे करण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये किमान ३० मिनिटे विश्रांती देण्याचा नियम होता, परंतु तो पंचांपुढे मांडायला एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता, आणि थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले. ॲथलेटिक्सच्या पथकाबरोबर व्यवस्थापक म्हणून जाणाऱ्याने हा प्रसंग मनात ठेवूनच आपल्या कामाला लागावे.

शेवटच्या दोन आठवड्यांत खेळाडूची ताकद वाढवता येत नाही, साचलेला थकवा तेवढा उतरवता येतो. म्हणून सरावाचे एकूण प्रमाण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करावे, पण धावण्याचा वेग नेहमीइतकाच राहू द्यावा. सराव अचानक पूर्ण थांबवल्यास पाय जड वाटू लागतात. प्रत्येकाचे प्रमाण ठरवणे हे प्रशिक्षकाचे काम आहे. ठरलेले प्रमाण पाळले जाते की नाही, हे पाहणे व्यवस्थापकाचे. या काळात अंगात ताजेपणा येऊ लागला, की खेळाडूला आपण आळशी झालो आहोत असे वाटते आणि तो कोणालाही न सांगता पहाटे पन्हाळ्याचा चढ मारून येतो. त्याला रागावू नये. कमी सराव हाही सरावाचाच भाग आहे, हे त्याला आधीच नीट समजावून सांगावे.

२०२६ च्या आशियाई क्रीडा स्पर्धा जपानमध्ये आयची-नागोया येथे १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर या काळात ठेवलेल्या आहेत आणि त्या वर्षी गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला येते. म्हणजे निवड झालेला खेळाडू त्या सुमारास कोल्हापुरात घरी असेल, तर तालमीच्या मंडळांचे ढोल, रात्री उशिरापर्यंत चालणारे कार्यक्रम, पाहुणे आणि सत्कार हे सगळे नेमके त्याच दिवसांत त्याच्या वाट्याला येणार. लोकांचे प्रेम खरे असते आणि ते नाकारताना जीव कासावीस होतो. तरीही हे काम खेळाडूवर सोपवू नये. व्यवस्थापकाने स्वतः मंडळांच्या अध्यक्षांना आणि गावच्या सरपंचांना भेटून, सर्व सत्कार परतल्यावर किंवा फार तर एकाच दिवशी, तासाभरात उरकावेत, अशी हात जोडून विनंती करावी. मिरवणुकीच्या मार्गावर घर असेल, तर झोपेची सोय नातेवाइकांकडे दुसऱ्या पेठेत करावी.

जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तेथे सकाळी ९ वाजता होणारी हीट, म्हणजे प्राथमिक फेरी, आपल्या शरीराच्या दृष्टीने पहाटे साडेपाचची असते. निघण्याआधीच्या आठवड्यात रोज आणखी अर्धा तास लवकर झोपणे, लवकर उठणे आणि जेवणाच्या वेळाही त्याप्रमाणे अलीकडे आणणे हा यावरचा सोपा उपाय आहे. सप्टेंबरमध्ये नागोयाची हवा उष्ण आणि दमट असते, तर कोल्हापुरात तेव्हा पावसाचा गारवा असतो. त्यामुळे शक्य असल्यास काही दिवस आधी पोहोचून घामाची आणि पाणी पिण्याची सवय लावून घ्यावी. मैदानाच्या पृष्ठभागाचेही तसेच आहे. खाशाबा १९४८ साली लंडनला गेले, तेव्हा मातीत घडलेल्या त्या मल्लाला मॅटची सवय नव्हती. गवतावर किंवा मातीवर वाढलेल्या धावपटूला सिंथेटिक ट्रॅकवर स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांचे बूट, घालून पुरेसे दिवस पळू द्यावे. पिंढऱ्या आणि टाचा त्यानंतरच सरावतात.

औषधांच्या बाबतीत कठोर राहावे. सर्दीच्या साध्या गोळीतील स्यूडोएफेड्रिन स्पर्धेच्या काळात ठरावीक मर्यादेपलीकडे लघवीत सापडले, तर तो उत्तेजक सेवनाचा गुन्हा ठरतो. घरच्या वैद्याने प्रेमाने दिलेले चूर्ण, जिममधली पावडर, कोणाकडून तरी आलेला काढा, यांपैकी काहीही पथकाच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पोटात जाऊ नये. जेवणात नवे प्रयोग नकोत, आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी तांबडा-पांढरा रस्साही नको.

स्पाइक्सचे बूट आणि स्पर्धेचा गणवेश नेहमी हातातल्या बॅगेत ठेवावा, खिळे काढून मोठ्या बॅगेत टाकावेत आणि त्यांचा जादा संच दुसऱ्याच खेळाडूच्या सामानात द्यावा. मोठी बॅग एक दिवस उशिरा पोहोचल्यामुळे उसन्या बुटांवर पळालेली मुलगी मी पाहिली आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ट्रॅकवरील धावण्याच्या सर्व शर्यतींसाठी बुटाच्या तळव्याची जाडी २० मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. जुने बूट कपाटातून काढताना हे मोजून पाहावे.

कागदपत्रे आणि वेळा यांचा भाग रुक्ष वाटतो, परंतु व्यवस्थापकाची खरी कसोटी तेथेच लागते. सहभागाची अंतिम निश्चिती दिलेल्या मुदतीत करावी, कारण नाव पक्के करूनही सबळ कारणाशिवाय एका शर्यतीत न उतरलेल्या खेळाडूला पुढच्या सर्व प्रकारांतून, रिलेसह, वगळले जाऊ शकते. रिलेचा क्रम पहिल्या हीटच्या कॉलच्या, म्हणजे हजेरीसाठी बोलावण्याच्या, जाहीर वेळेआधी किमान एक तास लेखी द्यावा लागतो. कॉल रूमची (शर्यतीआधी हजेरी द्यायच्या खोलीची) वेळ आणि शर्यतीची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नवख्या खेळाडूला लक्षात राहत नाही. म्हणून प्रत्येकाच्या हातात दोन्ही वेळा आणि राहण्याच्या जागेहून निघण्याची वेळ लिहिलेली चिठ्ठी असावी.

निकालावर आक्षेप घ्यायचा असेल, तर अधिकृत घोषणेनंतर केवळ ३० मिनिटे मिळतात. आधी रेफ्रींकडे तोंडी तक्रार करावी आणि त्यांचा निर्णय मान्य नसेल, तर अपील समितीकडे पुन्हा ३० मिनिटांत, १०० अमेरिकी डॉलर किंवा तेवढी रक्कम भरून, लेखी अपील करावे. शर्यत सुरू असताना व्यवस्थापकाने आपल्या जागेवर राहावे, आणि ते १०० डॉलर व तक्रारीचा कोरा अर्ज त्याच्या खिशात असावा.