माळ्यावरचा स्पेक्ट्रम प्लस चालू करायचाय? आधी हे वाचा

दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावर मामाचा डीबी स्पेक्ट्रम प्लस, म्हणजे सिंक्लेरच्या स्पेक्ट्रमचा भारतात बनलेला जुना घरगुती कॉम्प्युटर सापडला, सोलापुरी चादरीत गुंडाळलेला. तुमच्याकडे पण असला पडला असेल तर लगेच प्लगमध्ये घालू नका बे.

हे मशीन एवढं स्वस्त का होतं ते आधी बघा. १९८२ ला इंग्लंडमध्ये सिंक्लेर कंपनीने पहिला स्पेक्ट्रम काढला, १६ केबी मेमरीवाला १२५ पाउंडाला. स्क्रीन दिलीच नाही, घरचा टीव्ही जोडा, डिस्क पण नाही, घरचा टेपरेकॉर्डर जोडा, आणि आतली बरीच कामं यूएलए नावाच्या एकाच चिपमध्ये कोंबली. म्हणजे अर्धा कॉम्प्युटर लोकांच्या घरात आधीच होता! आपल्याला आता तोच अर्धा परत जमवायचाय.

सगळ्यात महत्त्वाचं ॲडॉप्टर. ९ व्होल्ट डीसी, पण मधली पिन मायनस. आजकालचे बहुतेक ॲडॉप्टर मधे प्लसवाले, तो घातला की खेळ खल्लास. मी घालणारच होतो, गल्लीतल्या टीव्ही रिपेअरवाल्या काकांनी मल्टिमीटर लावला आणि "थांब रे, उलटा आहे" म्हणून हात धरला. त्यांनीच मागच्या कनेक्टरवर चिकटलेले कापसाचे तंतू काढले, आमच्याकडे शेजारी माग चालतात त्यामुळे घरभर हेच.

टीव्हीला ऑटो स्कॅन करत बसू नका, बऱ्याचदा सापडत नाही. ॲनालॉग मॅन्युअल ट्यूनिंग, यूएचएफ ३६ चॅनल, ५९१ मेगाहर्ट्झच्या आसपास. खाली सिंक्लेरची कॉपीराइटची ओळ दिसली की जिंकलं. काही बटणं दाबली जात नसतील तर आतला मेम्ब्रेन (बटणांखालचा पातळ प्लास्टिकचा पडदा) तडकलाय, तो नवीन मिळतो.

टेपरेकॉर्डरच्या जागी मोबाईल चालतो. गेमची टेप फाइल वेव्हमध्ये, म्हणजे साध्या ऑडिओ फाइलमध्ये करून घ्या, मोबाईलच्या हेडफोनच्या भोकातून साधी वायर मशीनच्या इअर (EAR) सॉकेटला. J चं बटण दाबलं की लोड (LOAD) शब्द आपोआप उमटतो, मग दोनदा अवतरण चिन्ह, एंटर, आवाज जवळजवळ फुल आणि फाइल प्ले. बॉर्डरवर आधी लाल-आकाशी जाड पट्टे, मग निळे-पिवळे बारीक पट्टे पळायला लागले की चार-पाच मिनिटं गप बसायचं.

आणि हो, मोबाईल एअरप्लेन मोडवर टाका. माझं पहिलं लोडिंग शेवटच्या मिनिटाला बोंबललं कारण फॅमिली ग्रुपवर आत्याचा गुड मॉर्निंग आला, तो टिंग थेट मशीनमध्ये गेला आणि स्क्रीनवर टेप लोडिंग एरर.