सिम्फनी ऑर्केस्ट्रातील सॅक्सोफोन कसा ओळखावा

सिम्फनी ऑर्केस्ट्रात सॅक्सोफोन शोधायचा असेल, तर जॅझमुळे कानात बसलेला त्याचा आवाज आधी बाजूला ठेवावा. येथे वादक स्वरांचा कंप आवरता ठेवतो, सूर घसटत नेत नाही, आणि शेजारच्या वाद्यांत मिसळून जाण्यावर त्याचा भर असतो. त्यामुळे त्याच्या आधी कोण वाजले आणि सोबत कोण वाजत आहे, याकडे लक्ष ठेवणे हा ओळखीचा खात्रीचा मार्ग होय.

आरंभ रशियन संगीतकार मुसोर्गस्कीच्या ‘पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन’मधील जुन्या किल्ल्याच्या भागापासून करावा. मूळ रचना पियानोसाठी आहे; फ्रेंच संगीतकार राव्हेलने १९२२ मध्ये ती ऑर्केस्ट्रासाठी बांधली. प्रथम बासून (खर्जातील, फुंकून वाजवायचे लांब वाद्य) वाजतात, मग अल्टो, म्हणजे टेनरहून उंच पण सोप्रानोहून खालच्या सुराचा, सॅक्सोफोन गाऊ लागतो. हा सांधा पुन्हा पुन्हा ऐकावा. बासूनचा आवाज कोरडा, किंचित नाकातला. सॅक्सोफोनचा गोल आणि भरीव. दोन्ही वाद्यांची नळी शंकूसारखी रुंदावत जाते, पण बासूनला दुहेरी रीड (फुंकल्यावर थरथरून आवाज काढणारी पातळ पट्टी) असते आणि सॅक्सोफोनला क्लॅरिनेटसारखी एकेरी. या रीडमुळेच, अंग पितळेचे असूनही, सॅक्सोफोनची गणना वुडविंड, म्हणजे लाकडी फुंकवाद्यांच्या, गटात होते.

त्यानंतर राखमानिनॉफच्या ‘सिम्फॉनिक डान्सेस’चा (१९४०) पहिला भाग घ्यावा. मध्यावर लय उतरते, तंतुवाद्ये गप्प होतात आणि ओबो-क्लॅरिनेटच्या गुंफणीतून अल्टो सॅक्सोफोनची लांबलचक सुरावट वर येते. पुढे तीच व्हायोलिनकडे जाते. ऑर्केस्ट्राने या वाद्याला दिलेली सर्वांत सुंदर जागा माझ्या मते हीच.

राव्हेलचा ‘बोलेरो’ (१९२८) मात्र मोजत ऐकावा. सुरावटीच्या सातव्या फेरीत टेनर सॅक्सोफोन येतो आणि आठवीत त्याहून उंच सुराचा, जो आज बहुधा सोप्रानोवर वाजवतात. येथे जॅझची सावली मुद्दाम पडू दिलेली आहे, तेव्हा सुरुवातीची अट थोडी सैल करायला हरकत नाही.

बेथोव्हनच्या सिम्फनींत हे वाद्य शोधू नये. अडॉल्फ सॅक्सने त्याचे पेटंट १८४६ मध्ये घेतले, तोवर ऑर्केस्ट्राचा संच बराच ठरून गेला होता. त्याला जवळ केले ते फ्रान्समधील लष्करी बँडनी. आजही त्याचा वादक सहसा कायम सदस्य नसतो, रचनेनुसार बोलावला जातो. म्हणून प्रत्यक्ष मैफलीत त्याची एकच ठरावीक जागा गृहीत न धरता नजर प्रथम क्लॅरिनेट आणि बासूनच्या आसपास फिरवावी.