शेजारचा पॅसेंजर क्रूच्या अंगावर आला तर आपण काय करायचं

नऊ वर्षं केबिन क्रू होते, आता ग्राउंडवर आहे. विमानातल्या भांडणाचा एखादा व्हिडिओ व्हायरल झाला की आमच्या फॅमिली ग्रुपवर लगेच मला टॅग, "आपल्यासमोर असं झालं तर काय करायचं गं?" म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

पहिली गोष्ट, राडा अचानक होत नाही. अर्धा-पाऊण तास आधीपासून शिजत असतं आणि ते सगळ्यात आधी दिसतं शेजारच्या सीटवाल्याला, आम्हाला नाही, कारण आम्ही तेव्हा कार्ट ढकलत असतो. दुबई-मुंबई रात्रीच्या फ्लाइटमध्ये एकाने ड्युटी फ्रीची बाटली पायाशी ठेवली होती, पेप्सीचा कॅन अर्धा रिकामा करून त्यात ओतून घेत होता. (स्वतःची आणलेली दारू विमानात प्यायला परवानगी नसते, सील फोडायचं ते घरी जाऊन.) मी त्याला दोन पेग दिले होते, तिसऱ्याला थांबवलं, तरी हा बाबा चढतच चाललाय, मला कळेना. शेवटी त्याच्याच रांगेतल्या साताऱ्याच्या एक आजी बाथरूमला जायच्या निमित्ताने मागे गॅलीत (आमचं विमानातलं छोटं स्वयंपाकघर) आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाळा, त्यो पिशवीतनं पितोय."

बास, हेच करायचं. कॉल बटण दाबू नका, कारण बटण दाबलं की आम्ही तुमच्या रांगेत येऊन उभे राहणार आणि मग तुम्हाला त्याच्या तोंडावर सांगावं लागणार. सीटबेल्टचं चिन्ह बंद असेल तर उठा, गॅलीत या, सीट नंबर सांगा आणि काय पाहिलं ते सांगा. "तो माणूस विचित्र आहे" यातून आम्हाला काही कळत नाही, "23 सी, पायाशी बाटली, पुढच्या सीटला लाथा मारतोय" यातून सगळं कळतं. तुमची सीट बदलून हवी असेल तर तेव्हाच मागा, जागा असेल तर आम्ही गुपचूप हलवतो.

आता समजा आवाज चढला, क्रूशी हुज्जत सुरू झाली. इथे आपल्या लोकांची एक सवय, मध्ये पडायचं. एक जण म्हणतो "जाऊ द्या ना मॅडम, सोडा", दुसरा म्हणतो "ए, लेडीजशी नीट बोल", आणि दोन मिनिटांत भांडण त्या दोघांचं होतं आणि आम्ही बाजूला. प्लीज बसून राहा. आमची एक ठरलेली पद्धत असते, आधी शांतपणे सांगणं, मग स्पष्ट वॉर्निंग, मग लेखी वॉर्निंग, दरम्यान आमची लीड, म्हणजे क्रूची प्रमुख, इंटरकॉमवर कॅप्टनला सांगत असते. "कॅप्टनला बाहेर बोलवा" असं ओरडण्यात काही अर्थ नाही, हवेत असताना असल्या भांडणासाठी पायलट कॉकपिट सोडून येत नाहीत. पण विमान कुठे उतरवायचं, खाली पोलीस बोलवायचे का, हे कॅप्टनच ठरवतो. 180 सीटच्या विमानात आम्ही साधारण चार जणी, 50 सीटमागे एक असा हिशोब. म्हणून अगदीच हाताबाहेर गेलं तर बांधायची वेळ येते आणि तेव्हा आम्ही दोघा-तिघा धडधाकट पॅसेंजरना मदतीला बोलावतो. ते कोण हे आम्ही बोर्डिंगलाच हेरून ठेवलेलं असतं. बोलावलं तरच उठा.

व्हिडिओ. काढू नका असं मी म्हणणार नाही, पुरावा लागतो. पण जागेवर बसून काढा, पॅसेजमध्ये उभं राहून नाही, आणि पोस्ट करू नका. त्यात त्या नव्या पोरीचा चेहरा असतो, छातीवर नावाची पट्टी असते, आणि उद्या लोक तिलाच शोधून काढतात. क्लिप पोलिसांना आणि एअरलाइनला द्या.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कोणी करत नाही. थांबा. लँडिंग झालं की सगळे बॅगा घेऊन पळतात, उबर बुक झालेली असते. पण नियम काय आहे ते बघा. मार्च 2017 मध्ये पुणे-दिल्ली फ्लाइट दिल्लीला उतरल्यावर आपल्या उस्मानाबादच्या तेव्हाच्या खासदारांनी एअर इंडियाच्या कर्मचाऱ्याला चपलेने मारल्याचं प्रकरण देशभर गाजलं (मार खाणारा क्रू नव्हता, ग्राउंडचा माणूस होता), त्यानंतर सप्टेंबर 2017 ला डीजीसीएचे (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नो-फ्लाय लिस्टचे, म्हणजे कोणाला विमानात बसायला बंदी घालायची याचे, नियम आले. तीन लेव्हल आहेत. शिवीगाळ, अश्लील हावभाव, दारू पिऊन धिंगाणा म्हणजे लेव्हल एक, 3 महिन्यांपर्यंत बंदी. ढकलणं, मारणं, नको तिथे हात लावणं लेव्हल दोन, 6 महिन्यांपर्यंत. जीवघेणा हल्ला, कॉकपिटमध्ये घुसायचा प्रयत्न वगैरे लेव्हल तीन, किमान 2 वर्षं. पुन्हा केलं तर आधीच्या दुप्पट. पण हे कॅप्टन किंवा क्रू ठरवत नाही, निवृत्त जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची कमिटी ठरवते आणि तिला 30 दिवस असतात. तेवढ्या दिवसांत निर्णय झाला नाही तर तो माणूस परत उडायला मोकळा! म्हणजे कागदावर काय आहे आणि साक्षीदार कोण आहे यावर सगळं येतं. नोव्हेंबर 2022 चं न्यूयॉर्क-दिल्ली फ्लाइटमध्ये एकाने सहप्रवासी बाईंवर लघवी केल्याचं प्रकरण आठवतंय ना, पोलिसात गुन्हा दाखल व्हायला जानेवारी उजाडला, एअरलाइनला 30 लाखांचा दंड बसला तो वेगळाच.

त्यामुळे फोनमध्ये तिथल्या तिथे लिहून ठेवा, किती वाजता, कोणती सीट, नेमके शब्द काय होते. शिव्या असतील तर शिव्याही तशाच लिहा, "अपशब्द वापरले" नको. उतरताना लीडला नाव-नंबर द्या. हात लावल्याची, विनयभंगाची गोष्ट असेल तर एअरपोर्ट पोलिसात जबाब द्यावा लागू शकतो, मुंबईत ते बहुतेकदा सहार पोलीस ठाण्यात जातं.

एक जरा कडू बोलते. कधी कधी "शेजारचा" नसतो, आपणच असतो. जानेवारी 2024 ला दिल्लीत धुकं, गोव्याची फ्लाइट तासन्‌तास रखडली, आधीच्या पायलटची ड्युटीची वेळ संपली म्हणून नवीन आला, आणि उशिराची अनाउन्समेंट करणाऱ्या त्या नवीन माणसालाच एकाने ठोसा मारला. चिडला असेल, मान्य, पण ज्याच्यामुळे विमान निघणार होतं त्यालाच? क्रू तुम्हाला रिफंड देऊ शकत नाही, धुकं हटवू शकत नाही, संपलेलं व्हेज मील पैदा करू शकत नाही. फ्लाइटच्या लांबीनुसार दोन, तीन किंवा चार तासांच्या वर उशीर झाला की खाणं-पिणं मिळायचा तुमचा हक्क आहे, सहा तासांच्या वर असेल तर दुसरी फ्लाइट नाहीतर पैसे परत, ते काउंटरवर मागा, नाही ऐकलं तर एअरसेवावर (सरकारचं तक्रारींचं पोर्टल) तक्रार टाका. क्रूबद्दलच तक्रार असेल तर सीट नंबर, वेळ, नाव घालून मेल करा, अशा मेलला आम्ही आरडाओरड्यापेक्षा जास्त घाबरायचो, खरंच सांगते.

त्या दुबईच्या फ्लाइटचं राहिलंच. बाटली काढून घेतली तेव्हा त्याने माझा हात पिरगाळला, उतरल्यावर सीआयएसएफवाले (एअरपोर्टची सुरक्षा बघणारे) आले, बाकीचं विमान दहा मिनिटांत रिकामं. आजी थांबल्या. पाऊण तास, पायात सूज, बाहेर मुलगा गाडी घेऊन फोनवर फोन करतोय. जबाबावर सही केली, मग मला म्हणाल्या, "मगाशी तू चहा आणत होतीस तेवढ्यात हे झालं बघ." गॅलीत गरम पाणी होतं अजून. करून दिला.