नव्या घरात बाथरूम आणि बेडरूमला वेगवेगळा आरसीबीओ का आणि कसा लावायचा

वायरिंगचं काम हातात घेतलं की मालकांना मी आधी हे सांगतो: एमसीबी, म्हणजे करंट प्रमाणाबाहेर वाढला की लाइन तोडणारा स्विच, वायरीला वाचवतो, माणसाला नाही. ओल्या हाताने गिझरच्या बॉडीला स्पर्श झाला आणि अंगातून 50 मिलिअँपिअर गेले, तर 16 अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. जीव मात्र तेवढ्याने जाऊ शकतो.

माणसासाठी आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, हे तो सतत ताडून बघतो. फरक 30 मिलिअँपिअरवर गेला की 0.3 सेकंदाच्या आत लाइन तोडतो, 150 च्या वर गेला तर 0.04 सेकंदात. पण ओव्हरलोड त्याला कळत नाही. दोन्ही कामं एकाच डब्यात करतो तो आरसीबीओ.

अख्ख्या घराला एकच आरसीसीबी लावून मोकळं होणं मला पटत नाही. गिझरची कॉइल लीक झाली की सगळं घर अंधारात जातं, आणि असं दोन-तीनदा झालं की कुणीतरी वैतागून तो बायपासच करून टाकतं. म्हणून बाथरूमला वेगळा आरसीबीओ, बेडरूमला वेगळा, दोन्ही 30 मिलिअँपिअरचे. टाइप ए मागा. चार्जर आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांचं लीकेज टाइप एसीला नीट ओळखता येईलच असं नाही. 230 व्होल्टवर 3 किलोवॅटचा गिझर 13 अँपिअर खेचतो. त्याला 16 अँपिअरचा आरसीबीओ आणि 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, डीबीपासून (जिथे हे सगळे स्विच बसतात त्या मुख्य पेटीपासून) थेट, मध्ये एकही जोड नको.

खरा घोळ होतो न्यूट्रलचा. बेडरूमचा न्यूट्रल एखाद्या स्विचबोर्डात बाथरूमच्या न्यूट्रलला जोडला गेला, की पंखा लावताच आरसीबीओ पडतो, म्हणजे ट्रिप होऊन लाइन तोडतो, आणि खापर फुटतं बिचाऱ्या आरसीबीओवर. प्लास्टर होण्याआधी हे शोधणं सोपं आहे. मेन बंद करा, दोन्ही सर्किटचे न्यूट्रल डीबीतून सोडवा आणि मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून दोघांना टोकं लावा. बीप आली तर दोघं कुठेतरी एकत्र आलेत. भिंत बंद करू देऊ नका. मग प्रत्येक न्यूट्रल अर्थच्या वायरीशीही असाच तपासा.

अर्थिंग मात्र हवंच. ते नसेल तर गिझरच्या बॉडीत आलेलं व्होल्टेज तसंच राहतं आणि आरसीबीओ पडतो तो कुणीतरी हात लावल्यावर. अर्थिंग असेल तर बिघाड झाल्या क्षणी पडतो. बाथरूममधले धातूचे पाइपही अर्थला जोडून घ्या, आणि सॉकेट शॉवरच्या जागेपासून निदान 60 सेंटिमीटर लांब ठेवा. जमलं तर त्याहूनही लांब.

बेडरूममध्ये मला धास्ती असते ती आगीची. पलंगाच्या मागे प्लग दाबला जातो, वायर मुळाशी वाकते, टर्मिनल सैल होतं आणि तिथे बारीक ठिणग्या पडत राहतात. प्लगची पिन तपकिरी होते, प्लास्टिकचा वास येतो. करंट वाढत नाही म्हणून एमसीबी गप्प, बाहेर गळत नाही म्हणून आरसीबीओही गप्प. ठिणगीचा करंट ओळखणारं उपकरण म्हणजे एएफडीडी. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये बेडरूमच्या सॉकेटसाठी अशा संरक्षणाची अट 1999 च्या आवृत्तीतच आली. मिळत असेल तर बेडरूमच्या सर्किटला लावाच. नसेल तर सॉकेट पलंगाच्या मागे न घेता बाजूला घ्या, आणि वायरमनला प्रत्येक टर्मिनलचा स्क्रू आवळून वायर ओढून बघायला लावा.

काम संपल्यावर सप्लाय चालू ठेवून प्रत्येक आरसीबीओचं टेस्ट बटण दाबा. पडला नाही तर तिथल्या तिथे बदलून घ्या. हे बटण फक्त आतली यंत्रणा तपासतं, अर्थिंग नाही. त्यासाठी वायरमनकडून आरसीसीबी टेस्टर प्रत्येक सॉकेटला लावून घ्या आणि किती मिलिसेकंदांत ट्रिप झाला तो आकडा डीबीच्या दाराच्या आत लिहून ठेवा.