मिडलवेट लढतीचं भाकीत करताय? आधी या चुका टाळा

यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट्सच्या (एमएमए) संघटनेत मोठी लढत जाहीर झाली की दोन तासांत भाकितांचा पाऊस सुरू होतो. त्यातली निम्मी वाचताच कळतं, लिहिणाऱ्याने दोघांचीही एखादी लढत पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलेली नाही. हायलाइट पाहिले, रेकॉर्ड पाहिलं, हातांची लांबी पाहिली, झाला निकाल तयार. 185 पौंडांच्या, म्हणजे 83.9 किलोंच्या मिडलवेटमध्ये ही घाई जास्तच नडते. इथले ठोसे वरच्या गटांसारखे एका फटक्यात लढत संपवतात, आणि 25 मिनिटं, म्हणजे पाच मिनिटांचे पाच राउंड, दम टिकवणारेही इथे भरपूर आहेत. म्हणजे चुकायला दोन्हीकडून वाव.

"कोण भारी?" हे विचारणं आधी थांबवा. लढत कुठे होणार, तिथे ती कोण नेणार आणि किती मिनिटं तिथे ठेवणार, एवढं ठरवता आलं तर बाकीचं बरंच आपोआप सुटतं.

अ ने ब ला हरवलं, ब ने क ला हरवलं, मग अ जिंकणार

हा हिशेब सगळ्यांचा लाडका आणि पूर्ण निकामी. जुलै 2022 मध्ये यूएफसी 276 या कार्यक्रमात ॲलेक्स परेराने शॉन स्ट्रिकलंडला पहिल्याच राउंडमध्ये झोपवलं. एप्रिल 2023 मध्ये यूएफसी 287 ला इस्राएल अडेसान्याने त्याच परेराला दुसऱ्या राउंडमध्ये नॉकआउट केलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सिडनीला, यूएफसी 293 मध्ये, अडेसान्या विरुद्ध स्ट्रिकलंड ठरली. साखळीप्रमाणे अडेसान्याने हसतखेळत जिंकायला हवं होतं. बहुतेकांनी तेच लिहिलं, सट्टेबाजीचे भावही तसेच होते. पाच राउंड झाले, तिन्ही जजांनी 49-46 दिलं (राउंड जिंकणाऱ्याला 10 गुण, हरणाऱ्याला बहुधा 9), आणि विजेतेपदाचा पट्टा गेला स्ट्रिकलंडकडे.

म्हणजे परेरा स्ट्रिकलंडला हरवतो, स्ट्रिकलंड अडेसान्याला आणि अडेसान्या परेराला. वर्तुळ पूर्ण. यातला सगळ्यात "भारी" कोण, ते सांगा आता.

तीनही निकालांमागे वेगवेगळी यंत्रणा होती. स्ट्रिकलंडचा बचाव हाताने ठोसे अडवण्यावर आणि धड मागे झुकवण्यावर चालतो. परेराने खाली अंगावर जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) टाकून त्याचं लक्ष आणि हात खाली ओढले आणि वरून डावा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) सोडला. अडेसान्याचा खेळ वेगळा आहे: अंतर राखायचं, हुलकावण्या द्यायच्या, समोरचा झेपावला की त्याला काउंटरने, म्हणजे उलट ठोशाने, पकडायचं. स्ट्रिकलंड झेपावलाच नाही. छोटी पावलं टाकत पुढे येत राहिला, पुढचा पाय उचलून लो किक (पायावरच्या लाथा) अडवत राहिला, जॅब मारत राहिला. काउंटर मारायला समोर काही येईना, तेव्हा अडेसान्याकडे दुसरी योजना दिसली नाही. पहिल्या राउंडच्या शेवटी स्ट्रिकलंडच्या उजव्या ठोशाने तो खालीही पडला. परेरा मात्र यूएफसी 287 ला त्याला केजला (लढतीभोवतीच्या जाळीच्या कुंपणाला) टेकवून मोकळे ठोसे मारायला गेला. अडेसान्याला झेपावणारा माणूस मिळाला, वरून उजवा हात आला, लढत संपली.

म्हणून साखळीतल्या प्रत्येक निकालापुढे एकच ओळ लिहा: कोणत्या हत्याराने कोणती फट उघडली. मग विचारा, नव्या लढतीत ते हत्यार याच्याकडे आहे का आणि ती फट समोरच्यात आहे का. दोन्ही उत्तरं "हो" नसतील तर तो निकाल बाजूला ठेवा, कितीही ताजा असो.

याच चुकीचं दुसरं रूप म्हणजे परतीच्या लढतीत जुना निकाल जसाच्या तसा मोजणं. यूएफसी 287 च्या आधी अडेसान्याविरुद्ध "परेरा 3-0" हे वाक्य इतक्या वेळा वाचायला मिळालं की विचारू नका. त्यात किकबॉक्सिंगच्या दोन लढतीही धरलेल्या. पण नोव्हेंबर 2022 ची यूएफसी 281 मिनिटामिनिटाने पाहिली तर चार राउंडनंतर तिन्ही स्कोअरकार्डांवर अडेसान्या 39-37 ने पुढे होता. पाचव्या राउंडच्या 2:01 ला लढत थांबवली गेली आणि परेरा जिंकला. शेवटचा निकाल आणि त्याआधीची 22 मिनिटं यांत एवढा फरक असेल तर "3-0" मधून काय कळणार? उलट बाजूचे लोकही शहाणे नव्हते. त्यांनी यूएफसी 281 ला नशिबाचा खेळ ठरवून टाकलं. परेराच्या पोटरीवरच्या किक दोन्ही लढतींत काम करत होत्या, आणि पाय जड झालेला माणूस केजपाशी सापडतो, यात नशीब कुठे आलं? दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. अशी लढत 80-20 लिहायची नसते.

सरासरी उचलायची आणि पळायचं

आकडे वाईट नाहीत. भागाकार कशाचा झालाय, हे न बघता ते वापरणं वाईट.

टेकडाउनची, म्हणजे समोरच्याला खाली पाडण्याची, सरासरी दर 15 मिनिटांवर काढतात. समजा एकाने आपल्या एकमेव लढतीत दुहेरी पट (दोन्ही पाय धरून) काढून एकदाच खाली पाडलं आणि बरोबर एका मिनिटाला गळा आवळून लढत संपवली. त्याची सरासरी होते 15.00. दुसरा प्रत्येक राउंडच्या सुरुवातीला एकदा पाडतो आणि उरलेला राउंड समोरच्याला उठू देत नाही. त्याची सरासरी 3.00. आकड्यांवर पहिला पाचपट मोठा कुस्तीगीर. केजमध्ये मात्र मला दुसऱ्याची धास्ती वाटेल. म्हणून टेकडाउनच्या सरासरीशेजारी ताब्याची वेळ लिहा, आणि दोन्हींच्या आधी एकूण केजमधली मिनिटं. 30 मिनिटांच्या आत बसणाऱ्या कारकिर्दीची कुठलीही सरासरी मी जवळपास शून्य धरतो.

टेकडाउन बचावाचा टक्का त्याहून फसवा. 80 टक्के म्हणजे दहापैकी आठ प्रयत्न अडवले. पण प्रयत्न कोणाचे? ठोसेबाजाने दमल्यावर टाकलेला लांबचा पट अडवणं वेगळं, आणि केजला टेकवून एकेरी पटावरून दुहेरीवर, तिथून कंबरेच्या पकडीवर जाणाऱ्याला अडवणं वेगळं. पहिला प्रयत्न अडवल्यावर पुढच्या दहा सेकंदांत काय होतं ते बघा. सुटून मधोमध येतो, की पाठ केजलाच चिकटून राहते? चिकटून राहत असेल तर तो बचाव फक्त आकड्यात आहे.

ऑगस्ट 2025 मध्ये शिकागोला झालेली यूएफसी 319 याच चुकीची मोठी शाळा होती. ड्रिकस डू प्लेसी विरुद्ध खमझत चिमाएव्ह. लढतीआधीचा लोकप्रिय युक्तिवाद असा: चिमाएव्हचा दम पहिल्या राउंडनंतर संपतो; 2022 मध्ये गिल्बर्ट बर्न्ससमोर तो दमला, 2023 मध्ये कमारू उस्मानसमोर मंदावला, तिसऱ्या राउंडच्या पुढे कधी गेलाच नाही. डू प्लेसी मात्र पाच राउंड ओढतो. म्हणून पहिले दोन राउंड काढले की पट्टा डू प्लेसीचाच.

ऐकायला अगदी चोख वाटतं. झालं काय? राउंड सुरू झाला की डू प्लेसी खाली, आणि 25 पैकी 21 मिनिटांहून जास्त वेळ चिमाएव्हच्या ताब्यात. तिन्ही जजांचं कार्ड 50-44.

चूक दोन ठिकाणी होती. पहिली, "दम" ही एकच वस्तू आहे असं धरलं. डू प्लेसीचा पाच राउंडांचा दम सिद्ध झाला होता तो स्ट्रिकलंडसमोर, म्हणजे उभ्याने लढणाऱ्यासमोर. वरून 80-90 किलो अंगावर घेऊन उठण्याचा प्रयत्न करत राहायला लागणारा दम वेगळा. तिथे खालचा माणूस आधी संपतो, वरचा नव्हे. दुसरी, चिमाएव्ह का दमला होता ते कोणी विचारलं नाही. बर्न्ससमोर तो अंगावर ठोसे घेत मारामारीत उतरला होता. शिकागोला त्याने घाई केली नाही: पहिल्या राउंडमध्ये डू प्लेसीचे हात क्रुसिफिक्समध्ये (दोन्ही हात दाबून ठेवणाऱ्या पकडीत) अडकवून हलके ठोसे मारत राहिला आणि फिनिशमागे न धावता ताबा सांभाळला. दम कशावर खर्च होतो ते पाहिलं असतं तर हा मार्ग निदान शक्यतांच्या यादीत तरी आला असता.

त्याच लढतीतून आणखी एक गोष्ट उचला. चिमाएव्हच्या एकूण ठोशांची मोजणी 500 च्या वर गेली, पण "सिग्निफिकंट" (दखलपात्र, म्हणजे हलके टोले सोडून) म्हणून धरलेले त्यातले मोजकेच. एकूण ठोसे आणि सिग्निफिकंट ठोसे हे दोन वेगळे रकाने आहेत. एकाचा आकडा दुसऱ्याचा म्हणून चिकटवणारे दर शनिवारी सापडतात.

बाकीच्या, थोडक्यात

हातांची लांबी: अडेसान्याची 80 इंच, स्ट्रिकलंडची 76. निकाल वर वाचलात. लांबी वापरणारा जॅब आणि सरळ किक नसेल तर चार इंच कागदावरच राहतात.

स्टान्स, म्हणजे उभं राहण्याची पद्धत: ऑर्थोडॉक्स (डावा पाय पुढे) विरुद्ध साउथपॉ (उजवा पाय पुढे) असेल तर जुनी फिल्म तशीच्या तशी वापरू नका. मागच्या हाताचा सरळ ठोसा आणि मागच्या पायाची बॉडी किक यांना रस्ता मोकळा होतो, आणि दोघांचे पुढचे पाय समोरासमोर आल्याने जॅबची हातघाई होते. त्याच स्टान्सच्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धची लढत शोधा. सापडत नसेल तर खात्री कमी करा.

वजन: वजन झाल्याशिवाय शेवटचा आकडा लिहू नका. साध्या लढतीत एक पौंडाची सूट असते, पट्ट्याच्या लढतीत 185 म्हणजे 185. योएल रोमेरो 2018 मध्ये यूएफसी 225 ला 185.2 वर अडकला आणि रॉबर्ट व्हिटेकरविरुद्धची लढत पट्ट्याविना झाली. तराजूवर उभं राहताना पाय थरथरताहेत का, ओठ फाटलेत का, हे पाहायला दोन मिनिटं लागतात.

ऐनवेळचा बदली खेळाडू: "तयारीच नाही, हरणार" हे आळशी वाक्य आहे. मायकल बिस्पिंग 2016 मध्ये जेमतेम अडीच आठवड्यांच्या सूचनेवर यूएफसी 199 ला आला आणि ज्या ल्यूक रॉकहोल्डने 2014 मध्ये त्याला गिलोटिनमध्ये (मान आवळणाऱ्या पकडीत) अडकवलं होतं, त्यालाच पहिल्या राउंडमध्ये झोपवलं. रॉकहोल्ड हात खाली ठेवून सरळ मागे सरकत होता. बिस्पिंगचा डावा हुक तिथेच लागला. कमी सूचनेचा फटका बसतो तो बहुधा उशिराच्या राउंडांत आणि वजन उतरवण्यात. तेवढ्याच जागी गुण कापा.

केजचा आकार: यूएफसीचा मोठा केज 30 फुटांचा, लहान 25 फुटांचा, जो लास व्हेगासच्या एपेक्स या यूएफसीच्या सभागृहात वापरला गेलाय. लहान केजमध्ये मागे सरकत लढणाऱ्याची पाठ लवकर टेकते. अंतर राखणाऱ्याचे दोन-चार टक्के तिथेच काढून घ्या.

पत्रकार परिषदेतली धक्काबुक्की आणि डोळ्याला डोळा: शून्य.

जज: निकाल स्कोअरकार्डवर जाईल असं वाटत असेल तर नियम एकदा तरी वाचा. आधी ठोसे आणि कुस्तीचा परिणाम मोजतात. तो अगदी सारखा असेल तरच आक्रमकता, आणि तीही सारखी असेल तर केजवरचं नियंत्रण. नुसतं पुढे चालत राहणं हा पहिला निकष नाही. जानेवारी 2024 मध्ये टोरोंटोला मोजणीत स्ट्रिकलंडचे ठोसे जास्त होते, तरी यूएफसी 297 मध्ये विभाजित निर्णय (तीनपैकी दोन जजांचा) डू प्लेसीकडे गेला. अशा जोडीत "निर्णयाने नक्की" असं लिहिणाऱ्याला नक्की म्हणजे काय ते विचारा.

टक्का न लिहिता भाकीत

"मला वाटतं अमुक जिंकेल" याची नंतर तपासणी होत नाही, म्हणून ते सगळ्यांना आवडतं. टक्का लिहा, आणि त्याचे तुकडे करा: नॉकआउट, सबमिशन (पकडीत अडकवून हार मानायला लावणं), जजांचा निर्णय, दोघांचेही. सहा खाने, बेरीज 100. "62 टक्के" लिहिणाऱ्याला बऱ्याचदा खाने भरताना कळतं की समोरच्याचा नॉकआउट त्याने 5 टक्के धरलाय, तेही परेरासारख्या माणसाचा.

बाजारातले भाव आरसा म्हणून वापरा. पैसे लावणं हा वेगळा विषय, इथे त्याच्याशी काम नाही. 1.50 आणि 2.70 असे भाव असतील तर 1 भागिले 1.50 म्हणजे 66.7 टक्के, 1 भागिले 2.70 म्हणजे 37.0. बेरीज 103.7 येते, कारण वरचे 3.7 भाव लावणाऱ्याचे. दोन्हींना 103.7 ने भागून 100 ने गुणा: 64.3 आणि 35.7. हे न करता "बाजार 67 म्हणतो" लिहिणं चूक. तुमचा आकडा बाजारापासून 10 टक्क्यांहून दूर असेल तर कारण एका वाक्यात लिहा, आणि त्यात एखाद्या डावाचं नाव हवं. "भूक जास्त आहे" हे कारण नाही.

फिल्म पाहण्याची सवय अशी लावा: दोघांच्या शेवटच्या तीन पूर्ण लढती, शिवाय प्रत्येकाची एक हरलेली लढत, आवाज बंद. समालोचक ज्याच्यावर खूश असतात त्याचे हुकलेले ठोसेही कानाला लागल्यासारखे वाटतात. दर राउंडला तीन खुणा करा: लढत कुठे झाली, मागे कोण सरकलं, पहिला डाव फसल्यावर काय केलं. दुप्पट वेगाने पाहायचं असेल तर पाहूच नका, पावलं दिसत नाहीत.

लढत झाली की हिशेब लगेच. टक्का दशांशात घ्या. निवडलेला जिंकला तर 1, हरला तर 0. दोन्हींतल्या फरकाचा वर्ग करा. 70 टक्के दिले आणि तो जिंकला तर 0.09, हरला तर 0.49. प्रत्येक लढतीला डोळे मिटून 50-50 लिहिणाऱ्याची सरासरी 0.25 येते. तीस लढतींनंतर तुमची सरासरी त्याच्या वर असेल तर टक्के 60 च्या पुढे नेणं काही काळ बंद करा आणि जास्त दंड कुठल्या खान्यात बसला ते शोधा. नवख्यांच्या वहीत तो बहुतेक वेळा "आवडत्याचा नॉकआउट" याच खान्यात सापडतो.